पोथी उघडी, पाठ कुलुपात

स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालेनच्या जुन्या मठाच्या ग्रंथालयात ८५७ क्रमांकाची एक पोथी आहे. तेराव्या शतकाच्या मध्यावर चर्मपत्रावर, दोन स्तंभांत लिहिलेली. मध्ययुगीन जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखचं ‘पार्त्सिफाल’ हे काव्य तिच्यात आहे, ‘नीबेलुंगेनलीड’ हे वीरकाव्य आहे, आणखीही मोठी काव्यं आहेत. ही पोथी मी पुण्यात, रात्रीची जेवणं उरकली की, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडतो. पैसे पडत नाहीत, ओळखपत्र लागत नाही. पान इतकं मोठं करता येतं की कातड्याचा पोत दिसतो.

पहिल्यांदा उघडली तेव्हा मी ‘नीबेलुंगेनलीड’चं पहिलं कडवं शोधत होतो. ‘उन्स इस्त इन आल्तेन मेरेन वुंदेर्स फिल गेसेइत’: जुन्या कथांमधून आम्हाला पुष्कळ नवलाचं सांगितलेलं आहे. जर्मन शिकणाऱ्या कुणालाही ही ओळ कधी ना कधी भेटतेच. आपल्याकडे ‘ॐ नमो जी आद्या’ जसं कानावर पडलेलं असतं, तसं. काव्य सुरू होतं ते पान सापडलं, पण ओळ नव्हती. थेट बुर्गुंदीच्या देशात वाढलेल्या राजकन्येपासून सुरुवात. मला वाटलं, एक पान स्कॅन करायचं राहिलं असणार. मागे गेलो, पुढे गेलो, अर्धा तास गेला.

पान गहाळ नव्हतं. त्या पोथीत ते कडवं मुळातच नाही. अभ्यासक तिला ‘बी’ म्हणतात; म्युनिकची ती ‘ए’ आणि आता कार्ल्सरूहला असलेली ती ‘सी’. पहिलं कडवं ‘ए’ आणि ‘सी’मध्ये आहे. छापील पुस्तकांचा मुख्य आधार मात्र बहुधा ‘बी’ असतो आणि पहिलं कडवं त्यांच्यात दुसरीकडून आणून बसवलेलं असतं. जर्मन साहित्यातली इतकी प्रसिद्ध ओळ, आणि ज्या पोथीवर पुस्तक उभं आहे तिच्यातच नाही!

हे कळण्यासाठी संपादित आवृत्ती लागते, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या ताडून काव्याचा पाठ ठरवलेलं आणि पाठभेद नोंदवलेलं पुस्तक. नवी आवृत्ती एका प्रकाशकाच्या संकेतस्थळावर होती. अख्खं पुस्तक शंभर युरोंच्या वर. प्रकरणं सुटी घेतली तर प्रत्येकी तीस. मी जे प्रकरण निवडलं होतं ते नीट पाहिल्यावर लक्षात आलं की ती पोथ्यांच्या संक्षिप्त खुणांची यादी आहे. ए म्हणजे कोणती, बी म्हणजे कोणती, एवढंच सांगायचे तीस युरो. मी टॅब बंद केला आणि कार्ल बार्त्शची आवृत्ती उघडली. ती १८७० ची, तिच्या लेखनहक्काची मुदत कधीच संपलेली, कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाच्या साइटवर फुकट. उत्तर तिच्यात मिळालं.

माझं भांडण इथे सुरू होतं. नव्या आवृत्त्या महाग आहेत म्हणून गरीब वाचकाला त्या मिळत नाहीत, हे रडगाणं जुनंच आहे आणि खरंही आहे. पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. नवं कुलुपात असलं म्हणून लोक वाचायचे थांबत नाहीत, ते जुनं वाचतात. भारतातला जर्मनचा विद्यार्थी, ब्राझीलचा भाषांतरकार, जर्मनीतलाच निवृत्त शिक्षक, आणि आता मजकूर गोळा करत फिरणारी संगणकाची यंत्रं, सगळे फुकट मिळतं ते घेतात. फुकट मिळतं ते एकोणिसाव्या शतकातलं. ज्या पाठांमधल्या चुका दाखवण्यात जर्मन विद्यापीठांनी विसावं शतक घालवलं, तेच पाठ त्यांच्या प्रकाशनपद्धतीमुळे जगभर चलनात राहिले आहेत.

त्या चुका काय होत्या, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि खरं तर मजाही तिथेच आहे.

कार्ल लाखमान (१७९३ ते १८५१) हा या पाठसंपादनाच्या विद्येचा मूळपुरुष. १८२६ मध्ये त्याने ‘नीबेलुंगेनलीड’ची आवृत्ती काढली, पुढच्याच वर्षी ‘इवाइन’ आणि वाल्थर फॉन डेर फोगेलवायडेच्या कविता, १८३३ मध्ये वोल्फ्रामची काव्यं. माणूस अचाट होता. उपलब्ध पोथ्या जमवायच्या, सामाईक चुकांवरून त्यांची वंशावळ लावायची, आणि त्या वंशावळीवरून हरवलेल्या मूळ प्रतीपर्यंत मागे जायचं, ही जी पद्धत आज ‘लाखमानची’ म्हणून ओळखली जाते ती त्याने एकट्याने शोधली नाही, पण तिला शिस्त आणि दरारा दिला तो त्यानेच. मात्र ‘नीबेलुंगेन’साठी त्याने ‘ए’ पोथी निवडली ती सर्वांत छोटी म्हणून. त्याच्या मते हे काव्य वीस सुट्या गीतांतून जुळवलेलं होतं. तेव्हा जिथे भर कमी ती प्रत जुनी. शिवाय त्या गीतांतल्या कडव्यांची संख्या सातच्या पटीत यावी असाही त्याचा हट्ट. सातचा पाढा कुठून आला, देव जाणे. नंतर १९०० मध्ये विल्हेल्म ब्राउनेने ‘बी’ला पुढे आणलं, आणि १९६३ मध्ये हेल्मुट ब्राकर्टने दाखवून दिलं की या काव्याच्या पोथ्यांची वंशावळ मुळात काढताच येत नाही. लेखनिकांनी एकापेक्षा जास्त पोथ्या समोर ठेवल्या होत्या, तोंडी परंपरेतलं कानावर होतं, पाठ इकडून तिकडे मिसळत होते.

दुसरी गोष्ट भाषेची. लाखमानने आणि त्याच्या पिढीने मध्य-उच्च-जर्मनसाठी, म्हणजे या काव्यांच्या मध्ययुगीन जर्मनसाठी, एक प्रमाण लेखनपद्धती घडवली. दीर्घ स्वरांवर टोपीसारखी खूण, शब्दांची एकसारखी वर्णरचना. दिसायला सुरेख, विद्यार्थ्याला सोयीची. पण कुठल्याही एका पोथीत अशी भाषा लिहिलेली सापडत नाही. बव्हेरियाचा लेखनिक बव्हेरियासारखं लिहितो, ऱ्हाइनकडचा ऱ्हाइनसारखं. छापील पानावर मात्र सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे दिसतात. यावर उतारा म्हणून बर्लिनच्या अकादमीने १९०४ मध्ये एक माला सुरू केली. एक पोथी घ्यायची आणि फारशी ढवळाढवळ न करता छापायची. १९९६ मध्ये योआखिम बुम्केने तर सरळ मांडलं की मध्ययुगीन काव्याच्या एकाहून अधिक तोलामोलाच्या आवृत्त्या तेव्हापासूनच चालत आल्या असतील, आणि त्यांतली एकच खरी ठरवून बाकीच्यांना तळटीपेत ढकलण्याचं काही कारण नाही.

आज फुकट मजकूर शोधणाऱ्याला यातलं काय दिसतं? बहुतेक वेळा लाखमान, नाहीतर बार्त्श. तोच टोपीवाला पाठ, तेच सामसूम पान. मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत काही घडलंच नाही असं.

प्रकाशकांना काही कामच नसतं, असं मी म्हणत नाही. पाठभेदांचं पान छापून पाहिलेल्याला विचारा. वर काव्याच्या ओळी, बाजूला पाच-पाच ओळींनी आकडे, खाली दोन किंवा तीन थरांच्या तळटीपा. ओळीचा आकडा, मग छापलेला शब्द, मग चौकोनी कंस, मग ‘सी’मध्ये अमुक, ‘ए’मध्ये शब्दच गाळलेला. एक ओळ वर-खाली सरकली की अख्ख्या प्रकरणाचे आकडे चुकतात. हे काम नजरेचं आणि सोशिकपणाचं आहे, त्याला पैसे पडतात, आणि प्रती खपतात काही शे. ‘आल्टडॉयचे टेक्स्टबिब्लिओटेक’ ही हेर्मान पाउलने १८८०च्या दशकात सुरू केलेली माला आजही चालू आहे. इतकी वर्षं एका मालेचा दर्जा राखणं हे कर्तृत्व आहे.

पण पैसे कुणाचे, हा प्रश्न उरतोच. संपादक सरकारी विद्यापीठात पगारावर. प्रकल्प जर्मन संशोधन परिषदेच्या किंवा एखाद्या अकादमीच्या अनुदानावर. अकादम्या चालतात केंद्र आणि राज्यांच्या पैशावर. पुस्तक तयार झालं की बऱ्याच वेळा छपाईखर्चासाठी प्रकाशकाला वेगळं अनुदान द्यावं लागतं, तेही बहुतेक सार्वजनिक किंवा एखाद्या न्यासाचं. मग तेच पुस्तक विद्यापीठांची ग्रंथालयं विकत घेतात, आणि त्याची डिजिटल प्रत पुन्हा वर्गणी भरून. एका पुस्तकासाठी सरकार चार-पाचदा खिशात हात घालतं आणि शेवटी दारावर पहारेकरी दुसऱ्याचा.

पीएचडीवाल्यांची गत तर विचारू नका. जर्मनीत प्रबंध मान्य होऊन भागत नाही, तो प्रकाशित झाल्याशिवाय नावामागे ‘डॉ.’ लावता येत नाही. विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला तरी नियम पाळला जातो. पण या क्षेत्रात पुढची नोकरी हवी असेल तर नामांकित मालेत जाड पुठ्ठ्याचं पुस्तक हवं, असा संकेत आहे. मग हजारो युरोंची जुळवाजुळव तो तरुण किंवा ती तरुणी करते. लेखकाने प्रकाशकाला पैसे द्यायचे हे आपल्याकडच्या हौशी कवींना नवीन नाही, पण निदान ते कवी पुस्तकं वाटतात तरी.

कायदा काय म्हणतो? जर्मन कॉपीराइट कायद्याचं ७० वं कलम अशा आवृत्त्यांसाठीच आहे. मूळ कवी मरून आठशे वर्षं झाली असली, तरी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलेल्या आणि आधीच्या आवृत्त्यांपेक्षा ठळकपणे वेगळ्या पाठाला प्रसिद्धीपासून २५ वर्षं संरक्षण. मला हे न्याय्य वाटतं. श्रमाचा काही मान असावा. पण तो हक्क संपादकाचा आहे, आणि करारावर सही करताना तो प्रकाशकाकडे जातो. संशोधकाला स्वतःचं लेखन पुन्हा खुलं करता यावं म्हणून २०१४ पासून ३८ व्या कलमात सोय आहे. किमान निम्म्या सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावरचा लेख बारा महिन्यांनी लेखक खुला करू शकतो, करारात काहीही असो. मात्र ही सोय वर्षातून किमान दोनदा निघणाऱ्या नियतकालिकांपुरती. पुस्तकांना नाही. आणि या विद्येतलं सर्वांत मोलाचं काम, म्हणजे आवृत्ती, ही पुस्तकच असते. भौतिकशास्त्र डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कायद्यात वोल्फ्राम बसत नाही.

उलट २०२१ मध्ये एक नवं कलम आलं. मुदत संपलेल्या जुन्या चित्रांच्या नुसत्या प्रतिकृतींवर आता वेगळा हक्क सांगता येत नाही. म्हणजे चित्र कायद्याने मोकळं आणि शब्द अडकलेले. फ्रान्समध्ये वेगळाच निकाल लागला. जिनिव्हाच्या द्रोझ या प्रकाशनाने पॅरिसच्या गार्निए या प्रकाशनावर खटला भरला होता, आमच्या मध्ययुगीन आवृत्त्यांचे पाठ तुम्ही तुमच्या डेटाबेसमध्ये घातलेत म्हणून. २०१४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सांगितलं की टीपा-प्रस्तावना वगळलेल्या नुसत्या पाठावर लेखनहक्क लागत नाही, कारण संपादक मूळ पाठाच्या जवळ जाऊ पाहतो, स्वतःचं काही निर्माण करू पाहत नाही. संपादकांना हे झोंबलं, आणि त्यांच्या जागी मलाही झोंबलं असतं. तरी दोहोंमधून मला निवडायचं असेल तर मी जर्मन कायदाच निवडेन. मात्र सार्वजनिक पैसा घेतला असेल तर ते २५ वर्षांचं संरक्षण पहिल्याच दिवशी सोडून द्यावं, ही अट अनुदानाच्या कागदावर घालावी. कायदा बदलायची गरज नाही. पैसे देणाऱ्याने अट घातली की पुरे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप टिकाऊपणाचा येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. संकेतस्थळं मरतात. याच ८५७ क्रमांकाच्या पोथीची २००३ मध्ये सीडी-रॉम निघाली होती. ती आज हातात दिली तर घालायची कशात? माझ्या लॅपटॉपला तसली खाचच नाही. १८३३ चा लाखमान मात्र कुठल्याही खिडकीजवळ बसून वाचता येतो. मग आवृत्त्या इंटरनेटच्या भरवशावर सोडायच्या?

याला उत्तर म्हणून मला स्ट्रासबुर्ग आठवतं. २४ ऑगस्ट १८७० च्या रात्री प्रशियाच्या तोफांच्या माऱ्यात तिथलं ग्रंथालय जळालं. हेराड फॉन लांड्सबेर्गची चित्रमय ‘होर्टुस डेलिकियारुम’ ही पोथी गेली. बाराव्या शतकातल्या अलेक्झांडर-काव्याची पोथीही गेली. पण ते काव्य आज आपण वाचतो, कारण मासमानने १८२८ मध्ये ते छापून ठेवलं होतं आणि त्या छापील प्रती गावोगावच्या कपाटांत होत्या. वाचवलं ते कागदाने नव्हे. चर्मपत्र कागदापेक्षा चिवटच. वाचवलं ते प्रती अनेक असण्याने, एकमेकींपासून लांब असण्याने. आजच्या डिजिटल आवृत्तीच्या बाबतीत हे करायला बंदी कोण घालतं? कुलूप घालतं. ज्या फाइलची प्रत करायला मनाई आहे ती एका कंपनीच्या सर्व्हरवर एकटी राहते. पाठाची साधी, खुली फाइल दहा ग्रंथालयांना घेऊ द्या, हौशी माणसाला पेनड्राइव्हवर घेऊ द्या, आणि सोबत शंभर प्रती चांगल्या कागदावर छापाही.

जमतं का हे? जमतं. बर्न विद्यापीठातल्या ‘पार्त्सिफाल’ प्रकल्पाकडे पाहा. हे काव्य सुमारे २४,८०० ओळींचं, पूर्ण पोथ्या सोळा, शिवाय सुटे तुकडे पुष्कळ. तिथे एकच मूळ शोधण्याऐवजी चार पाठपरंपरा चार स्तंभांत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एका ओळीवर थांबून चारही बाजूंना नजर फिरवता येते, तिथून पोथीच्या छायाचित्रावर जाता येतं. स्विस आणि जर्मन सार्वजनिक पैसा, आणि दार उघडं. तिथे वाचत बसलं की कळतं, लाखमानची गुळगुळीत ओळ किती तडजोडींतून आलेली आहे. अर्थात अनुदान संपल्यावर अशा संकेतस्थळाची झाडलोट कोण करणार, ही काळजी आहेच. ती ग्रंथालयांकडे सोपवावी. झाडलोट हाच तर त्यांचा धंदा.

‘वाचणारे आहेत किती? दोनशे प्राध्यापक,’ असं काही जण म्हणतात. हायडेलबर्गची ‘कोडेक्स मानेसे’ ही मध्ययुगीन कवितांची पोथी घ्या. १३७ पूर्णपान रंगीत चित्रं, १४० कवी. चित्रं कॅलेंडरांवर, कपांवर, शाळेच्या पुस्तकांत सगळीकडे आहेत. त्या पोथीत कविता सलग लिहिलेल्या आहेत, ओळ कुठे संपते ते ठिपक्यावरून ओळखायचं. चित्रापाशी थबकलेल्या हजारो लोकांपैकी शंभरांना जरी वाटलं की खालच्या ठिपक्यांमध्ये काय लिहिलंय ते पाहावं, तरी त्यांना सुटसुटीत, विश्वासार्ह, आजचा पाठ समोर मिळायला हवा. रेक्लाम प्रकाशनाची, आज पिवळी दिसणारी, स्वस्त पुस्तकं १८६७ पासून हेच सांगत आली आहेत. जुन्या लेखकांचे हक्क त्या वर्षी मोकळे झाले, लाइपझिगच्या त्या प्रकाशकाने ‘फाउस्ट’पासून सुरुवात केली, आणि आज ‘नीबेलुंगेनलीड’ मूळ व आधुनिक जर्मन समोरासमोर घालून खिशाला परवडेल अशा किमतीत तो विकतो. दोनशे प्राध्यापकांच्या जिवावर हा धंदा दीडशे वर्षं चालला नसता.

मानेसेवरून आठवलं. ती पोथी १६५७ पासून पॅरिसमध्ये होती. १८८८ मध्ये ती हायडेलबर्गला परत आली ती कार्ल इग्नात्स ट्र्यूबनर या स्ट्रासबुर्गच्या ग्रंथविक्रेत्याच्या खटपटीने. फ्रान्समधून चोरीला गेलेली हस्तलिखितं त्याने इंग्लंडमधल्या एका उमरावाकडून मिळवली आणि त्यांच्या बदल्यात ही पोथी सोडवून आणली. पैसा जर्मन साम्राज्याच्या तिजोरीतला. ट्र्यूबनरची प्रकाशनसंस्था पुढे ज्या पाच संस्थांच्या एकत्रीकरणात गेली, त्यातून १९१९ मध्ये आजचं डे ग्रॉयटर हे विद्वत्ग्रंथांचं मोठं प्रकाशन उभं राहिलं. त्यांनी २००६ मध्ये नीमायर हे प्रकाशन घेतलं, २०२४ मध्ये ते लायडनच्या ब्रिलशी एक झाले. वाईट हेतूची गरज नाही. एका क्षेत्रातल्या इतक्या माला एका छपराखाली आल्या की किमतीवर घासाघीस करायला समोर कुणी उरत नाही.

पुण्यात बसून मी हे का लिहावं? कारण ही विद्या पुण्यातही आली आणि वेगळी वागली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा नमुना म्हणून १९०८ मध्ये हाइनरिष ल्यूडर्स या जर्मन पंडिताने पहिले काही श्लोक संपादून छापले होते. युरोपातली ती योजना पहिल्या महायुद्धात बुडाली. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये काम हाती घेतलं, आणि १९२५ पासून त्याची धुरा आली विष्णु सीताराम सुकथनकरांकडे, ते बर्लिनमध्ये ल्यूडर्सचेच विद्यार्थी. लाखमान ज्या बर्लिनमध्ये शिकवायचा, तिथली शिस्त घेऊन ते भांडारकर रस्त्यावर आले, आणि पुष्कळ हस्तलिखितं ताडून पाहिल्यावर त्यांनी प्रांजळपणे लिहिलं की मूळ व्यासांचं महाभारत आम्ही देत नाही, उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितका जुना पाठ देतो. ब्राकर्टने ‘नीबेलुंगेन’बद्दल जे १९६३ मध्ये दाखवलं त्याच्या जवळपासचं हे, तीस वर्षं आधी. आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. पुढे क्योटोच्या मुनेओ तोकुनागांनी तिचा पाठ संगणकावर उतरवला, केंब्रिजच्या जॉन स्मिथनी तो तपासला, आणि आज तो कुणीही उतरवून घेऊ शकतो. म्हणून महाभारतावर बोलणारा बर्लिनचा विद्यार्थी विसाव्या शतकातल्या पुण्याचा पाठ वापरतो. आणि ‘नीबेलुंगेन’वर बोलणारा पुण्याचा विद्यार्थी बार्त्शच्या १८७० मध्ये अडकून पडतो.

प्रस्तावना, टीका, आधुनिक भाषांतर, शब्दकोश हे प्रकाशकांनी खुशाल विकावं. त्यात लेखकाचा आवाज असतो, आणि चांगली टीका मी पैसे जमवून घेईनही, याआधी घेतली आहे. मोकळं मागतो आहे ते दोनच गोष्टींचं: सिद्ध केलेला पाठ आणि त्याखालची पाठभेदांची पट्टी. म्हणजे पुढच्या वेळी कुणी ८५७ उघडून पहिलं कडवं शोधू लागलं, तर शेजारच्या खिडकीत त्याला दिसेल: कडवं १, ‘ए’ आणि ‘सी’मध्ये; ‘बी’मध्ये नाही.